खोट्या डब्याला कुंकू

काष्टीच्या पेठेत गहिनीनाथाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि पाटीवर तसं लिहिलेलंही होतं. पण गावात त्याला रेडिओवाला कोणी म्हणत नसे. सगळे म्हणत, खरखरे मास्तर. मास्तर तो कधी नव्हता आणि खरखरे हे काही त्याचं आडनाव नव्हतं. खरखर त्याला सहन होत नसे, एवढाच बिचाऱ्याचा गुन्हा.

रस्त्याने जाताना कुणाच्या ओसरीवरचा रेडिओ खरखरताना कानावर आला, की हा माणूस सायकल भिंतीला टेकवून थेट आत. घरात कोण जेवतंय, कोण भांडतंय, याची फिकीर नाही. रेडिओ पालथा घालायचा, मागची फळी काढायची, फुंकर मारायची, एखादी तार चिमटीत धरून हलवायची आणि आवाज स्वच्छ झाला की चकार शब्द न काढता बाहेर पडायचं. पैसे मागायचंही त्याच्या लक्षात राहत नसे. एकदा तर भर कीर्तनात, बुवा ऐन रंगात आलेले असताना, हा उठला, माइकचं तोंड दोन बोटं वळवलं आणि परत जागेवर येऊन बसला. बुवा पुढची कथाच विसरले. गावाने नावं ठेवली तेव्हा गहिनीनाथ शांतपणे म्हणाला, "फुसफुस येत हुती. देवाचं नाव फुसफुशीत घ्यायचं व्हय?"

घरची शेती होती, ती थोरला भाऊ सहादेव बघायचा. गहिनीनाथाला शेतात पाठवलं तर तो मोटारीच्या पंपाचा आवाज ऐकत बांधावर बसायचा आणि पाणी दुसऱ्याच्याच उसात जायचं. शेवटी सहादेवानेच त्याला दौंडला एका रेडिओवाल्याच्या हाताखाली नेऊन सोडलं. तिथून काम शिकून तो आला, दुकान टाकलं आणि पारनेरकडच्या रंगुबाईशी त्याचं लग्न झालं.

आता रंगुबाईबद्दल सांगायला हवं, कारण ही सगळी गोष्ट तिच्या आवाजाची आहे. पारनेरकडची घरं लांब लांब, एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीला हाक मारायची तर छातीतूनच मारावी लागते. रंगुबाईचा आवाज तसा होता, भरदार आणि थोडा घोगरा. तिला स्वतःला मात्र तो नाजूक वाटायचा. उखाण्यांत तिचा हात धरणारी बाई पाच गावांत नव्हती. लग्न कोणाचंही असो, नवरी तोंड मिटून बसली की "रंगुबाईला बोलवा" असा ओरडा व्हायचा. रंगुबाई नवरीच्या मागे बसून कानात दोन ओळी सोडायची आणि उंबऱ्यावर हास्याचा कल्लोळ उठायचा.

दुसऱ्यांच्या नवऱ्यांची नावं अशी खिरापतीसारखी वाटणारी ही बाई स्वतःच्या नवऱ्याचं नाव मात्र घेत नसे. आग्रह केला तर म्हणायची, "नाव काय भाजी हाय व्हय, रोज घ्यायला?" सगळ्या संसारात तिने ते दोनदाच घेतलं होतं. पहिल्यांदा लग्नात, उंबरा ओलांडताना. नेमकं त्याच क्षणी वाजंत्रीवाल्याने सनईत जोर काढला आणि नवरदेवाला बायकोचे फक्त ओठ हललेले दिसले. दुसऱ्यांदा तिच्या डोहाळजेवणाला, मुलगी सुमन पोटात असताना. तेव्हा गहिनीनाथ मांडवाबाहेर होता. लाउडस्पीकरच्या कर्ण्यात खरखर येत होती ना! ती काढून हा आत आला तोवर बायका हसून हसून डोळे पुसत होत्या आणि उखाणा होऊन गेला होता.

म्हणजे लग्नाला पंधरा वर्षं होत आली तरी या माणसाने आपलं नाव बायकोच्या तोंडून एकदाही ऐकलेलं नव्हतं. ही गोष्ट त्याला फार लागून राहिली होती. पण बायकोला "माझं नाव घे" असं सांगणं म्हणजे काष्टीच्या भर बाजारात पटका सोडून उभं राहण्यासारखं. त्यामुळे तो कधी बोलला नाही.

सन सत्तरच्या होळीनंतर नगरच्या छावणीतल्या एका क्लबच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला. तिथून गहिनीनाथाने एक टेपरेकॉर्डर आणला. मोठ्या चकत्यांचा, आत काचेच्या व्हॉल्व्हांचा, आणि वजनाला असा की काष्टी स्टेशनवर उतरवायला दोन माणसं लागली. रेल्वेत तो त्याने मांडीवर घेतला होता. दोन दिवस त्याला नीट चालता येत नव्हतं, पण चेहऱ्यावर मुलगा झाल्याचा आनंद होता.

त्या यंत्रात आवाज लिहिला जातो कसा, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला धरून समजावून सांगायचा. फीत म्हणजे प्लास्टिकची पातळ पट्टी. तिच्या एका अंगाला तपकिरी, गंजासारखी बुकटी बसवलेली. बुकटीचा कण न् कण म्हणजे लोहचुंबकाचं पिल्लू. यंत्रात हेड नावाचं एक लोखंडी टोक असतं. फीत त्याच्यासमोरून सरकली की आपण बोलू तशी हेड त्या पिल्लांची तोंडं फिरवतं आणि पिल्लं तशीच बसून राहतात. परत तीच फीत हेडपुढून नेली की पिल्लं सगळं जसंच्या तसं सांगतात. ऐकणारे मान डोलवायचे आणि बाहेर पडल्यावर एकमेकांना विचारायचे, "आरं, पिल्लं कशाची म्हनला त्यो?"

पहिल्याच संध्याकाळी गल्लीतल्या बायका जमल्या. गहिनीनाथाने माइक रंगुबाईपुढे धरला आणि वरवर अगदी सहज म्हणाला, "काहीतरी बोल. उखाणा घे, नाहीतर काही बी."

रंगुबाई त्याची बायको होती; उखाण्याच्या वाटेला ती गेली नाही. तिने पिठलं कसं करायचं ते सांगितलं. फीत उलटी फिरवून लावली. डब्यातून भरदार, घोगरा आवाज आला, "आदी कढईत तेल घ्यायचं."

"अगं बया! डिट्टो रंगूच की!" शेजारची चांगुणा किंचाळली.

रंगुबाईचा चेहरा पडला. "ही कोन म्हनायची? म्हशीवानी कोन बोलतंय?"

"तूच की!"

"मी अशी बोलते? ह्यो डबा खोटारडा हाय."

मग चांगुणा बोलली. ते ऐकून रंगुबाई म्हणाली, "ही मातुर चांगुणाच हाय." आणि चांगुणा म्हणाली, "न्हाई बाई, बाकी समद्यांचं बरूबर येतंय, माजंच नाकातून आलं." मग राहीबाई बोलली, तर तिचंही तेच: बाकी सगळ्यांचं बरोबर, तिचं तेवढं चुकलं. तुम्हा-आम्हाला एव्हाना काय ते कळलं असेल. पण गहिनीनाथाला नाही कळलं. शहाणा माणूस यंत्रात शिरला की डोकं बाहेर ठेवून जातो. त्याने मनाशी निदान केलं, की मशीन प्रत्येक माणसाला एकदा एकदा दगा देतंय, म्हणजे दोष फार आत असणार.

रंगुबाईने मात्र निकाल देऊन टाकला होता. त्या रात्री जेवायला वाढताना तिने विचारलं, "उखाना कशापायी घ्यायला लावत हुता?"

गहिनीनाथ भाकरीकडे बघत म्हणाला, "आपलं असंच. तुझ्या आवाजात एकदा नाव यावं म्हनून. राहिलं असतं फितीवर."

रंगुबाईने त्याच्या ताटात आमटी वाढली. मग म्हणाली, "घेतलं बी असतं. पर खोट्याच्या तोंडात नवऱ्याचं नाव देऊ व्हय? आदी त्याला खरं बोलाया शिकवा. मंग घेते."

झालं. त्या दिवसापासून गहिनीनाथाच्या आयुष्याला एकच काम उरलं. डब्याला खरं बोलायला शिकवायचं.

त्या वर्षीची खंडेनवमी आली. नवमीला आपल्याकडे शेतकरी नांगर-कुळव पुजतो, शिंपी कात्री पुजतो, आणि गहिनीनाथाच्या दुकानात रंगुबाई हत्यारांची पूजा मांडायची. पाटावर पाने, पकडी, स्क्रू-ड्रायव्हर, कथलाचे डाग द्यायची सळई, मीटर, बाजूला सायकल. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकाला झेंडूचं फूल. गहिनीनाथाने टेपरेकॉर्डर पुसून पाटाशेजारी ठेवला होता. रंगुबाईने सायकलच्या पंपालासुद्धा कुंकू लावलं आणि डब्याला वळसा घालून पुढे गेली.

"आगं, हे राहिलं."

"खोट्याला कुंकू न्हाई लावायचं," ती म्हणाली आणि आरतीचं ताट खाली ठेवलं.

गिऱ्हाइकांनी हसून घेतलं. गहिनीनाथाला हसू आलं नाही. एवढं मोठं यंत्र, आणि सायकलच्या पंपापुढे त्याची मान खाली गेली.

मग तो नगरला उत्तमरावांकडे जाऊ लागला. उत्तमराव लष्करातून पेन्शनवर आलेले. सिग्नलमध्ये होते, बिनतारी यंत्रं त्यांच्या हाताखालून गेलेली. माळीवाड्याच्या बाजूला त्यांचं छोटं दुकान होतं. गहिनीनाथाने गाऱ्हाणं मांडलं, "आवाज येतो, पर खरा येत न्हाई."

"कोणाचा आवाज?" उत्तमरावांनी विचारलं.

आता बायकोचा म्हणायला याला लाज वाटली. "गिऱ्हाइकाचा हाय. लई चिकित्सक गिऱ्हाईक."

"मग देऊन टाक त्याचं सामान परत. म्हणावं, दुसरं दुकान बघ."

"तसं न्हाई जमायचं," गहिनीनाथ म्हणाला, आणि पुढचं वाक्य गिळून टाकलं. तो तेव्हा खरं सांगता, तर उत्तमरावांनी तिथेच त्याला गाठोडं बांधून घरी पाठवलं असतं आणि आपली गोष्ट इथेच संपली असती. पण लाजेने माणसाकडून बरीच चांगली कामं होतात, त्यातलं हे एक.

उत्तमरावांनी पहिली गोष्ट सांगितली स्वच्छतेची. फितीची बुकटी हेडवर साचते. फीत हेडला नीट चिकटून सरकत नाही आणि आवाज दबतो. गहिनीनाथ काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटात बुडवून, सकाळ-संध्याकाळ हेड पुसू लागला. रंगुबाई म्हणायची, "पोरीच्या कानातला मळ कदी काढला न्हाई एवढ्या मायेनं." आवाज थोडा उघडला.

मग फीत हेडला दाबून धरणारा मऊ तुकडा झिजलाय, असं निघालं. भजनी मंडळाची एक पेटी मोडून पडली होती, तिच्या पट्ट्यांखालचा लोकरीचा नमदा त्याने कापून आणला आणि यंत्रात बसवला. आवाज आणखी उघडला. भजनी मंडळाला वाटलं, पेटी दुरुस्त करायला नेलीय. ते पुढे वर्षभर वाट बघत होते.

मग हेड तिरकं बसलं होतं, ते त्याने केसभर केसभर फिरवून सरळ केलं. मग हेड स्वतःच वापरून वापरून चुंबक झालं होतं, त्यामुळे फितीवर सतत एक सूं सूं लागत होती. त्यावर उपाय म्हणजे तारेच्या वेटोळ्यात वीज सोडायची, ते हेडजवळ न्यायचं आणि अगदी सावकाश, बटण बंद न करता, लांब घ्यायचं. पहिल्या वेळी त्याने बटण जवळच बंद केलं आणि हेड पहिल्यापेक्षा जास्त बिघडलं. दुसऱ्या वेळी तो इतका घाबरला, की वेटोळं पुढे धरून, यंत्राकडे तोंड ठेवून, पावला-पावलाने मागे सरकत दुकानाबाहेर रस्त्यावर आला. देवळातून पाठ न दाखवता बाहेर पडतात तसा. शनिवारचा बाजार भरलेला. बैल घेऊन निघालेली माणसं थांबून बघायला लागली. "मास्तर, कुनाला निरोप देताय?" एकाने विचारलं. वायर संपली तेव्हा तो थांबला.

पण खरी मेख वेगळीच होती. उत्तमराव एकदा म्हणाले, "नुसता आवाज फितीवर नीट बसत नाही. त्याच्या जोडीला एक उंच सूर सोडावा लागतो. इतका उंच की माणसाच्या कानाला येत नाही. तो सूर देणारा तुझा व्हॉल्व्ह थकलाय."

"ऐकू न येनारा सूर? मंग त्याचा उपेग काय?"

उत्तमरावांनी समोरच्या धान्याच्या दुकानाकडे बोट दाखवलं. तिथे बाई पायलीने ज्वारी मापत होती. ज्वारी ओतली, की ती पायली दोनदा हलवायची. दाणे खाली बसायचे, पोकळी जायची, माप खरं व्हायचं. "तसं आहे ते. त्या सुरानं तुझी बुकटी हलते, मग आवाज नीट बसतो."

हे मात्र गहिनीनाथाला असं पटलं, की परतीच्या गाडीत त्याने शेजारच्या माणसाला दोनदा समजावलं. पुण्याहून नवा व्हॉल्व्ह मागवला. तो बसवला, सूर किती सोडायचा ते स्क्रू फिरवून फिरवून जुळवलं, आणि त्या दिवशी फितीवरचा आवाज उभा राहिला. राहीबाईचा नातू डब्यात रडला, तर राहीबाई अंगणातून पदर सावरत धावत आली. खरखर नव्हती, सूं सूं नव्हती. गहिनीनाथाने डोळे मिटून ऐकलं आणि त्याला भरून आलं.

त्याने रंगुबाईला बोलावलं. दुकानाच्या भिंतींना घरातल्या सगळ्या गोधड्या टांगल्या, आवाज घुमू नये म्हणून. त्या गोधड्यांच्या गुहेत ती घामाघूम होऊन बसली. चार वाक्यं बोलली. फीत लागली.

रंगुबाईने शेवटपर्यंत ऐकलं. मान हलवली. "स्वच्छ झालंय. लई स्वच्छ. पर ती बाई मी न्हाई. पयली म्हस हुती, आता धुतलेली म्हस हाय."

आणि गोधड्या काढून घरी घेऊन गेली.

गहिनीनाथ त्या संध्याकाळी दुकानात बसून राहिला. रेडिओ दुरुस्तीला आलेले पडून होते, त्यांना हात लावला नाही. पायली हलवून झाली होती, पुसून झालं होतं, सरळ करून झालं होतं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि तिला तर अजून खोटंच वाटत होतं. त्याला पहिल्यांदाच वाटून गेलं, की हे नाव आपल्याला ऐकायला मिळायचं नाही. त्याने घरी तसं काही दाखवलं नाही, पण ताटात भाकरी राहिली.

एकाहत्तरची खंडेनवमी आली. पावसाने उघडीप दिली होती. सकाळीच रंगुबाईने सारवलं, पाट मांडला आणि दुकानामागच्या चुलीवर पुरणाची डाळ चढवली. दुकान आणि घर यांच्यामध्ये एक कुडाची भिंत तेवढी. गहिनीनाथाने हत्यारं पुसून पाटावर लावली. टेपरेकॉर्डर पाटावर ठेवायचा की नाही, हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्याने तो जरा लांब, कोपऱ्यात ठेवून, चालू आहे की नाही बघावं म्हणून सुरू केला आणि जुनी चाचणीची फीत लावून आपण सायकल पुसायला बाहेर गेला.

चाचणीला तो स्वतःच बोलायचा. आता माइकपुढे एकट्याने काय बोलणार? जे तोंडात बसलंय तेच येतं. सगळ्या संसारात त्याने सर्वांत जास्त वेळा जे वाक्य म्हटलं होतं, तेच त्या फितीवर दहा-पंधरा वेळा होतं.

थोड्या वेळाने रंगुबाई कपबशी घेऊन दारात आली. "घ्या. पूजा व्हायच्या आदी च्या कशाला लागतो म्हनते मी."

गहिनीनाथ सायकलच्या चाकामागून वर बघत म्हणाला, "म्या कुटं मागितला?"

"आत्ता न्हाई का म्हनला? 'आगं ए, च्या टाक.' मी म्हनलं सुद्दा, डाळ शिजतीया, थांबा जरा. तरी परत म्हनलात."

"म्या तोंड उघडलं न्हाई!"

तेवढ्यात कोपऱ्यातून, त्याच त्रासिक सुरात, आवाज आला, "आगं ए, च्या टाक."

दोघंही कोपऱ्याकडे बघत उभी राहिली. चकत्या आपल्या संथपणे फिरत होत्या. रंगुबाईच्या हातातला चहा बशीत सांडला.

"ह्यो तुमी?" ती म्हणाली.

"छ्या! त्यो माजा आवाज न्हाई." गहिनीनाथ घाईघाईने म्हणाला. "म्या चाचनीची फीत ऐकतच न्हाई कदी. नुसता मीटरच्या सुईकडं बघतो. माजा आवाज लई चिरका येतो त्याच्यात. मशीनचाच दोष."

"चिरका?" रंगुबाईने कपबशी खाली ठेवली. "आवं, मी डाळ सोडून च्या टाकला. हाताला चटका बसला माज्या. पंधरा वर्सं रोज ऐकतीया, मला कळंना व्हय तुमचा आवाज? तुमी असंच बोलता. असंच, पोटात कळ आल्यावानी."

"मी असा बोलतो?"

"असाच."

"लगीन झाल्यापास्नं?"

"लगीन व्हायच्या आदीपास्नं. बघायला आलता तवा बी असंच बोलला हुता. 'पानी द्या' म्हनला, मला वाटलं पाहुण्याला बरं न्हाई."

गहिनीनाथ सायकलच्या दांडीवर हात टेकून उभा राहिला. आणि मग, दीड वर्ष उशिरा, त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो सावकाश बोलला, जणू वेटोळं हेडपासून लांब नेतोय.

"म्हंजी मला माजा आवाज खोटा वाटतो, आन् तुला खरा वाटतो."

"व्हय की."

"मंग तुजा जो तुला खोटा वाटतो…"

रंगुबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. चूल आत फुरफुरत होती. "म्हंजी ती म्हस मीच?"

"म्हस न्हाई."

"चांगुणा म्हनली तवा मला वाटलं, जळती माज्यावर." ती पाटाशेजारी खाली बसली. बराच वेळ तिने एका पान्यावरचं नसलेलं तेल पुसलं. मग मान वर न करता विचारलं, "असा घोगरा हाय, तर तुमी कदी बोलला का न्हाईत? पाच गावांत मिरवत हुते मी."

गहिनीनाथ रेडिओच्या बाबतीत बोलका, बाकी गप्प. पण त्या दिवशी तो बोलला. "मला त्योच आवाज आवडतो. घरी येताना पेठेच्या तोंडाशी आलो, की तुजा आवाज येतो. पोरीवर वरडत असतीस. बरं वाटतं मला. त्योच डब्यात घ्यायचा हुता. दुसरा नाजूक घेऊन मी काय करू?"

रंगुबाईने नाक ओढलं. मग उठली, हळदकुंकवाची कोयरी घेतली आणि पूजेला लागली. पाने, पकडी, स्क्रू-ड्रायव्हर, सळई, मीटर, सायकल, सायकलचा पंप. सगळ्यांना लावून झालं. मग ती कोपऱ्यात गेली.

"माफ कर रं बाबा," ती यंत्राला म्हणाली, "तू खरंच बोलत हुतास," आणि भरलेली चिमूट कुंकू त्याच्या अगदी तोंडावर लावायला निघाली.

"आगं तिथं नको! हेड हाय! बाजूला लाव, लाकडावर!" गहिनीनाथ ओरडला, नेमका त्याच पोटात कळ आल्याच्या आवाजात. तिने हात वळवून लाकडावर लावलं, पण चिमूट भरगच्च होती आणि बोटांतून थोडं सांडायचं ते सांडलंच. त्याने फुंकर मारली. वरून एक झेंडूचं फूल बसलं.

"घ्या तो माइक," रंगुबाई म्हणाली. "बोलल्याप्रमानं करते. पर एकदाच हां."

त्याने नवी चकती चढवली, फीत ओवली, बटण दाबलं. यंत्रावर एक हिरवा डोळा असतो. आवाज मोठा झाला की तो मिटतो, लहान झाला की उघडतो. त्याच्यावरून नजर हलवायची नसते, हे त्याला उत्तमरावांनी शिकवलं होतं. रंगुबाईने पदर सारखा केला, घसा साफ केला आणि पारनेरच्या वस्तीवरून हाक मारावी तशा आवाजात म्हणाली,

"नवमीच्या पाटावर झेंडूच्या माळा,
गहिनीनाथरावांचं नाव घेते, खरखर तेवढी टाळा!"

शेजारच्या घरातून चांगुणाचं हसू ऐकू आलं. हिरवा डोळा त्या वेळी उघडा होता की मिटला होता, हे गहिनीनाथाला पुढे कधीच सांगता आलं नाही. त्याने तिकडे पाहिलंच नव्हतं. तो बायकोच्या तोंडाकडे बघत होता, आणि या खेपेला सनई नव्हती, कर्णाही नव्हता.

फीत उलटी फिरवून लावली. "नवमीच्या पाटावर झेंडूच्या माळा," आवाज स्वच्छ, भरदार, घोगरा. आणि पुढे नेमकं "गहिनीनाथरावांचं" या शब्दावर खर्रर्र. मग "नाव घेते", पुन्हा लख्ख. कुंकवाचा एक कण हेडवर राहिला होता आणि फितीबरोबर घासत पुढे गेला होता.

गहिनीनाथाने कपाळाला हात लावला. "परत एकदा घे. म्या हेड पुसतो, एका मिनिटात."

रंगुबाई केव्हाच आत गेली होती. चुलीपासून तिचा आवाज आला, "नाव काय भाजी हाय व्हय?"

त्याने कापसाची काडी स्पिरिटात बुडवली, हेड पुसलं, कापसावर लाल डाग आला. फीत पुसून पुन्हा वापरता आली असती. एक बटण दाबलं, की पिल्लं सगळं विसरतात. त्याने ती चकती उतरवली आणि देवाच्या कोनाड्यात ठेवली.

पुढे कितीतरी वर्षं ती फीत त्याच्याकडे होती. पाहुणारावळा आला की तो ती लावायचा आणि रंगुबाई लटक्या रागाने आत निघून जायची. कुणीतरी हटकून म्हणायचंच, "वहिनींचा आवाज झकास आलाय, पर नावावर खरखर येतीया की. मास्तर, तुमच्यासारख्याच्या घरात खरखर?"

आणि लोकांच्या घरात न विचारता घुसून खरखर काढणारा हा माणूस फितीवर हात ठेवून म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या. कुंकू हाय ते."